व्यसन नाही, फक्त खर्रा

"अभिनंदन मॅडम! आमच्या कॉलेजात एकही व्यसनी नाही!" प्रिन्सिपॉल एकदम खुशीत. माझं मात्र डोकंच फिरलं. 'आपण तंबाखूचे सेवन करता का?' या प्रश्नापुढे झाडून सगळ्यांनी 'नाही'वर टिक केली होती. इथे जिन्याचे कोपरे लालभडक, आणि म्हणे नाही!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका संस्थेत मी सोशल वर्कर होते. पोरं कशाच्या नादी लागलीत ते आधी सर्व्हे करून विचारायचं आणि त्यावरून व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आखायचा, हे माझं काम. फॉर्मवर नाव लिहायचं नाही, म्हणजे पोरं खरं सांगतात.

आमचे डायरेक्टर साहेब म्हणाले, "रोगच नाही तं औषध कायले? कार्यक्रम कॅन्सल करू."

"साहेब, थोडं थांबा!"

तंबाखू-सुपारीपायी तोंड उघडत नाही म्हणून घासही घेता न येणारी कोवळी पोरं मी दवाखान्यात पाहिली होती. कार्यक्रम बुडाला तर आणखी पोरांची तीच गत होणार होती.

तडक कॉलेज गाठलं. गेटबाहेर पानठेल्यावर आमचेच 'नाही'वाले उभे! एक जण प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू, चुना घेऊन खसाखसा घोटत होता.

"काय रे, तंबाखू खात नाहीस ना तू?"

"नाही मॅडम, आईची शपथ!"

"मग हे काय आहे?"

"हा तं खर्रा आहे ना! तंबाखू बुढे लोक खातात."

अरे देवा! मला तिथेच नाचावंसं वाटलं. पोरं खोटं बोलतच नव्हती, आमचाच प्रश्न भलत्या भाषेत होता. ऑफिसात येऊन नवीन स्टेन्सिल कापली, फॉर्म छापायच्या सायक्लोस्टाइल मशीनचं हँडल मीच गरगरा फिरवलं. 'खर्रा खाता का? दिवसाला किती?'

वर्गात फॉर्म वाटले तर एक पोरगा उठला. "मॅडम, दोस्तासंग अर्धा-अर्धा खाल्ला तं कसा मोजायचा?"

"अर्धा लिही बाप्पा!" वर्ग खो-खो हसला आणि लिहायला लागला. पाहता पाहता फॉर्म खर्ऱ्याच्या आकड्यांनी भरले.

गठ्ठा साहेबांपुढे ठेवला. त्यांनी चाळला, काही बोलायला गेले, पण हातानं थांबा म्हणून खिडकीशी गेले. बाहेर लांब पिचकारी मारून परत आले.

"कार्यक्रम मंजूर," ते म्हणाले. "पण मले व्यसन नाही हं, मॅडम."

तेव्हा पक्कं शिकले. माणसाच्या तोंडात जे असेल, त्याच शब्दात त्याला विचारावं.