सासूबाईंची अन्नपूर्णा आणि चिंचेचा कोळ

रविवारी सकाळी आम्ही सासू-सुना चेरीतालच्या घरून शहरातल्याच अधारतालला निघालो. ई-रिक्षात सासूबाईंच्या मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात तांदूळ आणि तांदळात बसलेली त्यांची अन्नपूर्णा... जे झालं त्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही, म्हणून इथे लिहून मोकळी होते.

आपल्याकडे लग्नात मुलीला अन्नपूर्णा देतात आणि ती सासरच्या देवघरात वाटीभर तांदळात बसते. आमच्या देवघरात अशा दोन आहेत. एक मी नागपूरहून आणलेली, पितळेची, चकचकीत. दुसरी सासूबाईंची, वीतभर उंच, काळपट, डोळे अर्धे मिटलेले आणि एक पाय पुढे सोडलेला.

"जेवून पेंगतेय तुमची अन्नपूर्णा," असं मी त्यांना चिडवायचे. त्या चिडायच्या आणि दिवाळीत चिंचेचा कोळ लावून तिला आणखी जोरात घासायच्या.

डिसेंबरात माझ्या लेकीचं, इशाचं लग्न आहे. आजीची अन्नपूर्णा नातीकडे जाणार हे तिच्या बारशालाच ठरलेलं. फक्त देवीच्या हातातली पळी हलत होती, ती पक्की करायला आमच्या या हिंदी मुलखातल्या सोनाराकडे नेली, तर त्याने हातच लावला नाही. "दीदी, ये पीतल नहीं है. पहले किसी जानकार को दिखा लो."

जाणकार म्हणजे अधारतालचे शुक्लाजी. आमच्या ह्यांच्या ओळखीचे, संग्रहालयातून रिटायर झालेले. त्यांनी मूर्ती मऊ कापडावर ठेवली, भिंग लावलं, टॉर्च मारला, आडवी केली, उलटी केली... चहा निवून गेला तरी मान वर नाही. मला तर वाटलं, एका पळीसाठी केवढं हे!

मग त्यांनी पहिलंच विचारलं, "इसको घिसता कौन है?"

"मैं," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "हर दिवाली. इमली से."

शुक्लाजींनी डोळेच मिटून घेतले. मग भिंग माझ्या हातात दिलं. वेणीच्या मागे, दागिन्यांच्या खाचांत, बैठकीवरच्या कमळाच्या पाकळ्यांमध्ये, जिथे जिथे ब्रश पोचला नव्हता तिथे तिथे सोनं होतं... खरं सोनं! पाऱ्यात कालवून, तापवून चढवलेला जुन्या पद्धतीचा मुलामा. मूर्ती कांस्याची, बहुतेक नेपाळकडच्या कारागिरांची. घडण आणि मुलामा पाहून दोन-तीनशे वर्षं तरी जुनी असावी, पक्कं सांगायला आणखी तपासणी हवी, असं ते म्हणाले.

आणि ती अन्नपूर्णा नव्हतीच. ती तारा, बौद्धांची देवी. आम्ही जिला पळी म्हणत होतो तो कमळाचा तुटका देठ होता.

जिला मी इतकी वर्षं पेंगुळलेली म्हणत होते, ती बिचारी ध्यानाला बसली होती!

सासूबाईंचे वडील फौजी डेपोत नोकरीला होते, काही वर्षं सिलीगुडीकडे. लेकीचं लग्न ठरल्यावर तिकडच्याच बाजारातून त्यांनी ही आणली. विदर्भातला साधा माणूस... बसलेली देवी, एका हातात पळीसारखं काहीतरी, दुसरा हात देण्यासाठी पुढे केलेला. आपल्यातल्या कोणीही हीच उचलली असती.

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे इतकी वर्षं मी देवीचं सोनं घासघासून नालीत टाकून राहिली होती?"

मी त्यांचा हात धरला. "आता इशाले काय देऊ गं मी? देवी दुसऱ्याची, अन् तिचं सोनंही मीच काढलं..." एरवी सगळ्या घराला धाकात ठेवणारी ही बाई परक्याच्या बैठकीत ढसाढसा रडली. मला फार वाईट वाटलं.

शुक्लाजी मूर्ती डब्यात ठेवायला उचलत होते, तेवढ्यात आत काहीतरी खुळखुळलं. सासूबाई नाक पुसत म्हणाल्या, "चावल गए होंगे अंदर." शुक्लाजींनी मान हलवली. मूर्तीचं बूड तांब्याच्या पत्र्याने बंद केलेलं होतं, तांदूळ जाणार कुठून?

पत्र्याचा एक कोपरा मात्र जरासा उचकटला होता. त्यांनी खाली पांढरा कागद धरून मूर्ती हळूच कलती केली... आणि टप्पकन एक दाणा पडला. जवाचा!

त्यांनी समजावून सांगितलं. तिकडे बौद्ध लोक मूर्तीची प्रतिष्ठा करताना देवीच्या पोटात धान्य आणि मंत्रांच्या गुंडाळ्या भरतात, मग बूड बंद करतात. ते पुन्हा उघडायचं नसतं. हा दाणा तेव्हापासून आत होता.

सासूबाई त्या दाण्यावर वाकल्या. मग विचारलं, "पेट में अनाज है इसके?"

"हाँ जी."

त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि तांदळाचा डबा पुढे ओढला. "चलो मग. अन्नपूर्णाच आहे ही. सुषमा, काहून बसून राहिली? उठ, इशाले फोन लाव."

मी उठले!

आता एवढ्या जुन्या मूर्तीची नियमाप्रमाणे सरकारी नोंदणी करायची आहे, ती करूच. इशा व्हिडिओ कॉलवर तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, मी हिला कधी पण नाही घासणार, प्रॉमिस." चिंच आता फक्त आमटीत. सासूबाई मलमलच्या कापडाने देवीला नुसतं टिपतात, तेही श्वास रोखून.

काल संध्याकाळी दिवा लावताना मी सासूबाईंच्या बाबांना मनातल्या मनात नमस्कार केला. मी त्यांना कधी पाहिलंही नाही. पण परक्या मुलखातल्या बाजारात लेकीसाठी अन्नपूर्णा शोधत फिरणारा बाप... त्याला दुसरी कोणी दिसणारच कशी?