फ्लायव्हीलवरचा शेंदूर

आमच्या हिंगणीत कोणालेही विचारा, रूपरावजीची बायको कशानं गेली? पानठेल्यावरचा सांगन, दळणाच्या चक्कीवर उभी असलेली बाई सांगन, "त्यायच्या हातून गाडीचा बोल्ट ढिला राह्यला." हे ऐकलं की माहं डोस्कं सरकते. खोटं आहे, साफ खोटं! अन् हे खोटं पह्यल्यांदा कोणी सांगतलं, तं खुद्द रूपरावजीनं. गावाले मी काही बोलत नाई. तुम्ही बाहेरगावचे, म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडून राह्यलो.

मी बाबाराव. रूपरावजी माहे भाऊजी अन् कौशल्याबाई माही मोठी बहीण. तिले मी नुसतं बाई म्हणत होतो. भाऊजीनं चोवीस वर्षं हिंगणी-सेलू-वर्धा काळी-पिवळी, म्हणजे सवारीची जीप, चालवली. आत अठरा माणसं, मांगं लटकलेले चार. त्यातले पाच वर्षं मी त्यायचा क्लीनर होतो, म्हणून मले ठाऊक आहे. या माणसानं आपल्या गाडीले दुसऱ्याचा हात लागू देला नाई. मेस्त्रीचं नाव काढलं की कपाळाले आठ्या. "मेस्त्री बोल्ट कसते अन् घरी जाऊन झोपते. मले त्याच गाडीत बसा लागते," असं म्हणत. बोल्ट कसला की त्याच्यावर खडूची एक रेघ मारायची, ही त्यायची सवय. रेघ नाई म्हणजे बोल्ट कसला नाई. आम्ही हसत होतो त्या रेघायले.

बाई गेली त्याच्या दोन वर्षांआधी गाडीचं परमिट संपलं अन् त्याच साली बाईच्या किडन्या गेल्या. हप्त्यातून दोनदा, सोमवारी अन् गुरुवारी, वर्ध्याले डायलिसिस. एकदा बसनं जाऊन पाह्यलं होतं. येताना बाई बसमधीच आडवी झाली अन् लोकायच्या पायापाशी पडून घरी आली. त्या दिवसापासून भाऊजीनं बाईसाठी बसचं नाव काढलं नाई. जीपमधली मांगची सीट काढली, गादी टाकली, खिडकीले बाईच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावला. पावसात म्हणा, थंडीत म्हणा, दोन वर्षांत एक पाळी चुकली नाई. "माही काळी-पिवळी आता एकाच सवारीची आहे," असं म्हणून बाईले चिडवत. बाई म्हणे, "अन् ते सवारी फुकट बसते."

गेल्या मे महिन्यात, गुरुवारी, वर्ध्याहून येताना जीप घरघराले लागली. इंजिन बोंबलते, पण गाडी सरकत नाई. कशीतरी घरी आणली. भाऊजी खाली घुसून आले अन् म्हणे, "क्लच गेला. प्लेट पुरी घासली, फ्लायव्हीलही खराब केलं तिनं." फ्लायव्हील म्हणजे इंजिनासंगं फिरणारं ते जड लोखंडी चाक. क्लचची प्लेट त्याले घट्ट चिपकते, तवाच इंजिनाचा जोर गाडीले भेटते. दोन्ही एकदम कोरडे पाहिजेत, तेलाचं बोटही लागू नोको. एवढं ध्यानात ठेवा, राजेहो.

मी म्हटलं, "भाऊजी, सोमवार डोक्यावर आहे. सेलूचा मेस्त्री बोलावू. नाई तं अंकुशची गाडी सांगून ठेवू." अंकुश आमच्या गल्लीतलाच, भाड्यानं गाडी चालवते.

भाऊजी खवळले. "माह्या घरचं माणूस माह्या गाडीत जाईन. मदत कराची असन तं कर, नाई तं घरी जाऊन झोप."

असा हेकट माणूस! अंकुशनं सोमवारसाठी दुसरीकडचं वऱ्हाड घेतलं.

शुक्रवारी भाऊजी वर्ध्याहून नवी प्लेट अन् नवं फ्लायव्हील घेऊन आले. ते वजनदार चाक मांडीवर घेऊन बसमधी बसले होते, खाली ठेवलं नाई म्हणे. शनिवारी सकाळी घरापुढच्या कडुलिंबाखाली काम सुरू झालं. जीप लाकडाच्या ठोकळ्यायवर चढवली. गिअरबॉक्सले बैलाचा कासरा बांधला, त्याचं टोक केबिनमधून वर घेऊन माह्या हाती देलं, अन् हळूहळू पोत्यायवर उतरवला. माहे हात सोलून निघाले. प्लेट बरोबर मधात बसवाले एक दांडा लागते. तो भाऊजीनं बाभळीचं लाकूड तासून घरीच केला. ऊन असं की पाना हातात धरवत नव्हता. बाई ओट्यावर बाजेवर पडून पाहत होती. डॉक्टरनं तिले दिवसभरात दोनच गिलास पाणी सांगतलं होतं, अन् वरून मे महिना. ओठ सुकून पांढरे पडले होते.

जुनं फ्लायव्हील निघालं, नवं बसवाचं होतं, तेवढ्यात बाई उठली. शनिवार म्हणजे मारोतीचा वार. तिनं वाटीत तेल घालून घट्ट शेंदूर कालवला होता. भिंत धरत धरत आली, खाली बसली, अन् त्या चकचकीत लोखंडावर आपला पंजाच उमटवला. वरून बोटानं कडेकडेनं शेंदूर फिरवला.

"दोन वर्षांपासून ही गाडी मले जित्ती ठेवून राह्यली," म्हणे. "हिले एवढंही करू नोको का मी?"

मी भाऊजीकडं पाह्यलं. पेट्रोलची बाटली अन् कापड त्यायच्या हातातच होतं. मी म्हटलं, "भाऊजी, पुसून घ्या. तेल आहे ते."

बाईनं ऐकलं अन् अंगावर आली. "पुसाले काऊन? सवाशिणीनं लावलेलं पुसणं म्हणजे मालकाच्या जिवावर. मी असताना नाई पुसू देणार!"

दर दसऱ्याले आम्ही गाडीले हळदकुंकू लावतो. पण बोनेटले, स्टेअरिंगले, चाकायले. क्लचच्या पोटात शेंदूर कोणी घातला आजवर? भाऊजीले हे समजत नव्हतं असं होईन का? त्यायनं बाईकडं पाह्यलं. हाताच्या काड्या झालेल्या, पाय सुजलेले, अन् तोंडावर असं समाधान का दोन वर्षांत पाह्यलं नव्हतं. त्यायनं बाटली खाली ठेवली. बाईची पाठ फिरल्यावर कोरड्या कापडानं वरवर टिपल्यासारखं केलं.

"गरम झालं की जळून जाईन ते," म्हणे. "धर तू."

अन् मी धरलं. पाच वर्षं क्लीनर होतो, मलेही समजत होतं. पण मी दुसऱ्यांदा बोललो नाई. आजही जेवता जेवता हे आठवते अन् ताट सरकवून उठतो.

रविवारी दुपारी काम संपलं. एकेक बोल्ट कसला, एकेकावर रेघ मारली. टॉर्च मीच धरून होतो, एकही रेघ सुटली नाई. गावात एक चक्कर मारली. जागेवरून उचलताना गाडी जराशी थरथरली. मी भाऊजीकडं पाह्यलं, त्यायनं समोर पाह्यलं.

"नवी आहे, बसन," म्हणे.

सोमवारी सकाळी सहाले निघालो. बाईले घरूनच दम लागत होता. गुरुवार ते सोमवार अंतर मोठं, अन् उन्हापायी चार घोट पाणी जास्त पेली होती. कॅनॉलच्या पुलाचा चढ आला अन् इंजिन बोंबललं. गाडी जागची हालत नाई. भाऊजीनं गिअर टाकून पुन्हा पुन्हा उचलून पाह्यलं, मी खाली उतरून ढकललं. जीप उलटी मांगं येऊ लागली तवा चाकाखाली दगड लावला. अंकुशले फोन केला, तो वऱ्हाडात. अँब्युलन्सले केला, ते दुसरा पेशंट घेऊन गेलती. जळका वास सगळ्या गाडीत भरला.

मांगून बाईचा आवाज आला. "काय जळून राह्यलं?" मंग थोडा दम घेऊन, अगदी हळू, "माह्या शेंदुरानं तं नाई झालं ना हो?"

भाऊजीचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. मांगं वळून न पाहता ते म्हणे, "छट्! माह्याच हातून एक बोल्ट ढिला राह्यला."

मी दारापाशी उभा होतो.

"चोवीस वर्षं गाडी चालवली अन् एक बोल्ट कसता येत नाई तुमाले?" अंगात दम नव्हता तरी बाई कावली. "नुसता तोरा! अंकुशची गाडी केली असती तं काय बिघडत होतं?"

"हाव. चुकलं माहं."

दोन तासांनी भाजीचा टेम्पो भेटला. टोपल्या सरकवून बाईले निजवलं, तिचं डोकं भाऊजीच्या मांडीवर. दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच मशीनवर घेतलं, पण छातीत पाणी भरलं होतं. मंगळवारी दुपारी बाई गेली. जाईपर्यंत जो येईन त्याले तेच सांगे, "यायनं बोल्ट कसला नाई." नर्सले सांगतलं, भेटाले आलेल्या शेजाऱ्यायले सांगतलं. भाऊजी उशाशी बसून हाव म्हणून मान हालवत होते. गावात ते गोष्ट अशी आली.

नेताना बायका म्हणत होत्या, "सवाशीण गेली, भाग्याची." भाऊजीले कुंकू लावाले पुढं केलं. त्यायनं चिमटीत कुंकू घेतलं अन् हात तसाच धरून उभे राह्यले. शेवटी मीच मनगट धरून तिच्या कपाळाले टेकवलं.

तेरवी झाली. जीप ट्रॅक्टरनं ओढून आणली होती, ते तशीच कडुलिंबाखाली उभी. एक दिवस भाऊजीनं पुन्हा ठोकळे लावले, पुन्हा कासरा माह्या हाती देला. गिअरबॉक्स उतरला, प्लेट निघाली. जळून काळी ठिक्कर. फ्लायव्हीलवर प्लेट जिथं घासते तिथंही काळंच. पण मधात, जिथं प्लेट टेकत नाई, तिथं बाईच्या तळहाताचा शेंदूर जसाच्या तसा होता. अन् त्याच्या भोवती फ्लायव्हीलचे बोल्ट, सगळ्यायवर खडूच्या रेघा.

माह्यानं राहवलं नाई. मी भडकलो. "भाऊजी, आत्ता पाच माणसं बोलावतो. पाहू द्या त्यायले या रेघा! लोक तुमाले सायकलचा नट कसाले देत नाईत आता. पोट्टे मांगून 'ढिला बोल्ट' म्हणतेत. काऊन सहन करून राह्यले तुम्ही?"

"अन् पाहून काय म्हणतीन लोक?" ते म्हणे. "कौशल्यानं आपल्याच हातानं आपला जीव घेतला. हेच ना?"

भाऊजी पुन्हा गाडीखाली सरकले.

त्यायनं अंगठा जिभेले लावला अन् एका बोल्टवरची रेघ पुसली. पाना लावला, तो बोल्ट दोन आटे ढिला केला. शेंदुराले हात लागू देला नाई.

"आता आहे ढिला," म्हणे. "जा, बोलाव कोणाले बोलावाचं ते."