सहा जणांच्या अंगात माझा लग्नातला कोट

१२ डिसेंबर १९९८, शनिवार. जागा: प्रिन्सिपॉल मॅडमची केबिन. हजर: संस्थेचे अध्यक्ष रतनशेठ, प्रिन्सिपॉल देशपांडे मॅडम आणि मी, जुन्या जालन्यातला फोटोग्राफर. भिंतीला टेकून हजर: शाळेचे सात नामवंत माजी विद्यार्थी, प्रत्येकी बारा बाय पंधरा इंच.

रतनशेठ कमरेवर हात ठेवून फोटोंसमोर फिरत होते. शाळा जिल्ह्यातली सगळ्यात नावाजलेली, इंग्रजी माध्यमाची. जानेवारीतल्या गॅदरिंगला हॉलमध्ये या सात जणांचे फोटो लागणार होते. एक मेजर, एक हार्टचा डॉक्टर, एक डेप्युटी कलेक्टर, एक बियाण्यांचा शास्त्रज्ञ, एक रोलिंग मिलचा मालक, एक टीव्हीवर बातम्या देणारा. आणि सातवी सुनंदा वाहुळे, रेल्वेचे पूल बांधणारी इंजिनिअर. फोटो मात्र त्यांचे शाळेतल्या वयातले हवेत, अशी शेठची अट होती.

ते मला सोपं होतं. शाळेची पोरं दहावीच्या फॉर्मचा फोटो माझ्याकडेच काढत. मी प्रत्येक निगेटिव्ह वर्षवार पाकिटात घालून ठेवतो. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये टाकायची, म्हणजे कागदावर मोठी प्रतिमा पाडायची. मग बारीक ब्रशने ओरखडे, पुटकुळ्या झाकायच्या. त्याला आम्ही रिटचिंग म्हणतो.

रतनशेठ एकदम थांबले.

"मॅडम, हे बघा. याच्या अंगात कोट. याच्या अंगात तोच. याच्याबी. आपल्या शाळेला पहिल्यापासून ब्लेझर होता! खिशाला पांढरी किनार बघा, काय शान हे!"

"मी इथं नव्वद साली आले, शेठ. मी तरी ब्लेझर पाहिला नाही," मॅडम म्हणाल्या.

"मधात बंद पडला असंल. आता पुन्हा सुरू. जूनपासून सगळ्यांना कंपल्सरी. सुधाकरराव, फोटो तर काळा-पांढरा हे. रंग कोणता होता हो याचा?"

"चॉकलेटी."

"बराबर. तुमच्या ध्यानात हे म्हणजे!"

"ध्यानात राहणारच, शेठ. माझ्या लग्नातला कोट आहे तो."

मॅडमनी पदर तोंडाला लावला.

मी सांगितलं ते असं. माझं लग्न एक्याऐंशी सालचं. नवरदेवाला कोट शिवायची आमच्याकडे पद्धत. लग्नानंतर तो कोट कुठं घालणार? मी तो स्टुडिओत खिळ्याला अडकवला. कंगवा, पावडर, टाय आणि कोट. फॉर्मला फोटो काढायला आलेल्या पोराला बाप म्हणायचा, घाल कोट, साहेब दिसशील. पोरगं बारीक असेल तर मी मागून कपड्यांचे चिमटे लावायचो. समोरून सगळे कलेक्टर.

मला वाटलं, विषय संपला. पण शेठ व्यापारी माणूस.

"कोट तुमचा असंल, पोरं तर आमची हेत ना? परंपरा कुठून तरी सुरू होतीच. कोट पाठवून द्या. औरंगाबादला आमचा शिंपी हे, नमुना म्हणून त्याच्याकडं धाडतो. पण ही सातवी का बिनकोटाची?"

"तिनं घातला नव्हता."

"मंग आता घाला. तुम्हा लोकांना येतं ते. भिंत एकसारखी दिसली पाहिजे. न्हाई जमलं तर सहाच लावू."

येतं, हे खरं. एका फोटोतलं डोकं कापायचं, दुसऱ्या फोटोतल्या धडावर चिकटवायचं, सांधा ब्रशने बुजवायचा आणि त्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. गेलेल्या आजोबांना पगडी, न आलेल्या भावाला ग्रुपमध्ये जागा, असली कामं मी पुष्कळ केली होती.

कोट आता घरी पडून होता; तो न्यायला शेठचा ड्रायव्हर आला तेव्हा बायको म्हणाली, "सगळ्या गावानं घातला. आता शिंप्यानं उसवायचा तेवढा राहिला."

सुनंदाचं डोकं मी मेजरच्या धडावर चिकटवून पाहिलं. नेमके त्याच दुपारी तिचे वडील स्टुडिओत आले. वाहुळे गुरुजी टेंभुर्णीच्या जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेले. शाळेचं निमंत्रण मिळालं म्हणून एस.टी.ने आले होते.

"म्हणलं, पोरीचा फोटो कसा होऊन राह्यला ते बघावं. तिची आई रोज विचारती."

टेबलावरचा फोटो त्यांनी हातात घेतला. चष्मा पुसला. पुन्हा बघितला.

"ही कोण? आमच्या गावच्या वकिलाचा भाऊ वाटती."

मी खरं ते सांगितलं. कोट नसेल तर फोटो नाही. गुरुजी स्टुलावर बसले.

"त्या दिवशी मीच म्हणलो व्हतो तिला, घाल. सगळे घालून राह्यले, तू घाल. तर म्हणती, बाबा, तो आपला न्हाई. मी लई रागावलो. घरी जाताना एस.टी.त बोललो न्हाई तिच्याशी." ते फोटो खाली ठेवून म्हणाले, "असू द्या, सुधाकरराव. कोटात तर कोटात. लागंल तरी ना? तिच्या आईला मी समजावतो."

हे ऐकून मला ते काम गोड वाटेना. गुरुजी गेल्यावर मी सातही फोटो ओळीत मांडले आणि भिंगातून पुन्हा पाहिले. रिटचिंग करताना माणूस चेहऱ्यावरच बघतो. गळ्याखाली मी नीट पाहिलंच नव्हतं. या वेळी पाहिलं आणि कात्री ड्रॉवरमध्ये टाकली.

सोमवारी पुन्हा केबिन. हजर तेच.

"शेठ, पाहुण्याला फोटो दाखवून विचारलं, ही पोरं कोणत्या शाळेची, तर तो काय सांगेल?"

"आपल्या शाळेची."

"कशावरून? गणवेश कोटाखाली झाकलाय. बिल्ला कोटाखाली. हे सहा जण जालन्यातल्या कुठल्याही वरातीतले असू शकतात."

मी सुनंदाचा मूळ फोटो पुढे सरकवला. दोन वेण्या, पांढरा शर्ट आणि छातीवर शाळेचा बिल्ला. त्यावरचं शाळेचं नाव भिंगाशिवाय वाचता येत होतं.

"सात फोटोंत तुमची शाळा एवढ्या एकाच फोटोत दिसते. आणि त्याच्यावरच तुम्ही कोट चढवायला सांगताय."

शेठनी फोटो खिडकीपाशी नेला. उजेडात धरून बिल्ला वाचला.

"मॅडम, खरंच की हो."

"मी काय म्हणते, शेठ," मॅडम म्हणाल्या, "ते ब्लेझरचं राहू द्या, जूनपासून तो नको. सगळ्यांना नवे बिल्ले करू."

"बिलकुल. आणि सुधाकरराव, ही पोरगी मधात लावा. तीन हिकडं, तीन तिकडं."

गॅदरिंगला सातही जण आले. पडदा सरकला आणि मेजर मोठ्यांदा म्हणाला, "अरे, हा तर काकांच्या स्टुडिओतला कोट! पाठीला चिमटा रुतला होता माझ्या." डॉक्टर म्हणाला, "माझ्या वेळी बटण तुटलं होतं." सहाही जण आपापल्या फोटोखाली एकमेकांची थट्टा करत उभे राहिले. गुरुजी मात्र मधल्या फोटोखालून हलेनात. येणाऱ्या-जाणाऱ्याला बिल्ला दाखवत होते.

सुनंदा माझ्याकडे आली. "काका, तो कोट आणलाय का? बाबांसाठी एकदा घालते. काढा फोटो."

"कोट औरंगाबादला शिंप्याकडे आहे."

"मंग आला की कळवा. माझा फोटो उधार."

या कामातून मी एवढंच शिकलो की फोटो मोठा करायला घेतला, तर तो गळ्याखालीही बघून घ्यावा. शाळेचं बिल चुकतं झालं, निगेटिव्ह आपापल्या पाकिटात परत गेल्या. माझ्या कामांच्या यादीत त्या साली लिहिलेल्या सगळ्यावर रेघ आहे. एकच ओळ मी दर नव्या वहीत पुन्हा उतरवतो: औरंगाबादहून कोट आणणे, सुनंदाला कळवणे.