भडकलं कोण?

“कोणाला? आणि काय करायला?” इंग्रजी क्रियापद दिसलं की सर त्यावर पेन्सिल टेकवून आधी हे विचारत. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी खोड गेली नव्हती. भिवंडीत आमच्या लूमच्या शेडसमोरच ते राहायचे. असे एक मास्तर तुमच्याही गल्लीत असतील. ते समोरून आले की आपण रस्ता बदलतो, मीही बदलायचो.

मी शेडमध्ये मेहता, म्हणजे कारकून. मोबाइल नुकते कामगारांच्या खिशात आले होते, त्या काळातली गोष्ट. ऐन उन्हाळ्यात सुताच्या कांड्या भरणाऱ्या एका बाईने सगळ्यांसाठी पिण्याच्या पाण्याचा माठ मागितला. शेठ म्हणाले, “हिला नोटीस काढ.” नोटिशीची आमची रीत ठरलेली होती. जुन्या संपातली इंग्रजी नोटीस घ्यायची आणि नाव तेवढं बदलायचं. तिच्यात ‘इन्साइट’ असा शब्द होता. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता आणि खरं सांगतो, माहीत करून घ्यायचाही नव्हता.

बाई तो कागद घेऊन सरांकडे गेली. थोड्याच वेळात दोघं माझ्या टेबलापुढे उभे.

“हा शब्द कोणी घातला?”

“जुन्या नोटिशीत होता, सर.”

“इन्साइट म्हणजे चिथावणं. दुसऱ्याच्या मनात राग पेटवून त्याला काहीतरी करायला लावणं. हिने कोणाला चिथावलं? आणि काय करायला?”

“मी निस्तं पानी मांगलं,” बाई म्हणाली. “दुसरं काय न्हाय केलं.”

सरांनी माझा दंड धरला आणि मला शेडच्या दारात उभं केलं. लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून ते ओरडले, “हिने चिथावलं ना? मग भडकलं कोण? एक तरी दाखव मला!”

चाळीस माणसं होती. एकानेही लूम थांबवला नाही. माझ्या टेबलावर शेठच्या फ्रीजमधली गार बाटली होती.

बाईचं काम गेलं ते गेलंच. मला अजून संताप येतो, शेठचा आणि त्याहून जास्त माझा. दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच्या ओट्यावर माठ ठेवला. पुढे दर उन्हाळ्यात आम्ही सगळे तिथे निर्लज्जपणे पाणी प्यायलो.

यंदा सर गेले. घराला कुलूप आहे. जेवणाच्या सुट्टीत कामगार सवयीने ओट्यापर्यंत येतात, पालथा माठ बघतात आणि गुपचूप मागे फिरतात. शेठकडे माठ मागायला अजून कोणी गेलेलं नाही. मीही नाही.