मोघेबाईंचा हात

माझी मावशी डूख धरते. हे मी कौतुकानं सांगते आहे, कारण आमच्या घरात बाकी सगळे माफ करून टाकणारे आहेत आणि त्यांचं त्यात काय भलं झालं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे.

हेमलता मोघे. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, लग्न केलं नाही, विजय नगरात दोन खोल्यांत एकटी राहते. आईचं माहेर भोसल्यांच्या चाकरीत नागपूरहून जबलपूरला आलं आणि इथलंच होऊन गेलं. त्या सगळ्या पिढ्यांत कुणाच्या गळ्यात सूर नव्हता, मावशीच्याही नाही. ती गात नाही, वाजवत नाही, कुणाकडे शिकलेली नाही. ती ऐकते. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांच्या ट्रंक कॉलची खरखर ऐकली, आणि निवृत्त झाल्यावर म्हणाली की आता कानांना काहीतरी बरं खायला घालते.

जबलपुरात कुठेही तंबोरा लागला की मावशी तिथे हजर. भेडाघाटचा नर्मदेकाठचा महोत्सव, उर्सातली कव्वाली, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, काही वर्ज्य नाही. आमच्या कॉलनीतल्या कॅफेत शनिवारी संध्याकाळी गिटारवाली पोरं बसतात. पहिल्यांदा मावशी आत शिरली तेव्हा त्यांना वाटलं, आवाजाची तक्रार करायला आली. तिनं कॉफी मागवली, दीड तास बसली आणि निघताना ड्रमवाल्याला म्हणाली की दुसऱ्या गाण्यात तू पळतोस. पुढच्या शनिवारी त्यांनी तिच्यासाठी पाठीला टेकायची खुर्ची आणून ठेवली होती. हे सगळं मी अकरा वर्षं माझ्या स्कूटीवरून तिला ने-आण करताना पाहिलेलं आहे.

तिची ओळख म्हणजे तिचा उजवा हात. गाणं सुरू झालं की तो मांडीवर ताल धरतो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की टाळी, मधली रिकामी मात्रा, म्हणजे खाली, आली की तळवा उलटा, सगळं कसं स्वच्छ. समोरच्या दोनतीन रांगांतल्या लोकांना समेचा पत्ता नसतो, पण दाद तर द्यायची असते. ते हळूच मोघेबाईंच्या हाताकडे बघतात आणि तो पडला की माना डोलावतात. मोघेबाईंचा हात चुकत नाही, हे सराफ्यापासून विजय नगरापर्यंत सगळ्यांना ठाऊक.

आता भय्यासाहेब डबीर. वकील, वय अडुसष्ट, खांद्यावर कायम इस्त्रीचं उपरणं. सराफ्यामागच्या सभागृहात हिवाळ्यात तीन दिवसांचा रेवास्वर समारोह होतो, त्या मंडळाचे ते तेव्हाचे अध्यक्ष. शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी स्थानिक कलाकार गातात, आणि त्यात पहिलं गाणं भय्यासाहेबांचं. त्यांना कोण बोलावतं असं विचारू नका. अध्यक्षच ठरवतात.

आवाज वाईट नाही, हे मलाही कबूल करावं लागतं. पण माणसाला मात्रा मोजता येत नाही. तान घेतली की हरवतात, आणि हरवले की मावशीकडे बघतात. मावशीला हे कळलं एका माशीमुळे. सातआठ वर्षांपूर्वी गाण्याच्या ऐन मध्यावर तिनं मांडीवरची माशी हाताच्या फटक्यानं हाकलली, आणि भय्यासाहेब झोकात समेवर आले. सम तीन मात्रा लांब होती. तबल्यावर तेव्हा म्हातारे नारायणराव होते. त्यांनी निमूटपणे ठेका मोडून जिथे भय्यासाहेब उतरले तिथेच सम करून दिली. सभागृहानं वाहवा केली. मावशीनं घरी येईपर्यंत हसू आवरून धरलं होतं. तिनं ही गोष्ट माझ्याशिवाय कुणाला सांगितली नाही. त्यानंतर दरवर्षी ती त्यांच्यासाठी हात जरा जास्तच ठळक पाडायची. म्हातारा माणूस आहे, हौस आहे, होऊ दे, म्हणायची. म्हणजे बघा, मावशीसुद्धा एके काळी भली होती.

तीन वर्षांपूर्वीच्या समारोहात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, भय्यासाहेब चालत आमच्या रांगेत आले. बावीस वर्षं मावशी पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसत होती. त्यांच्या मागे कुणा बड्या अधिकाऱ्याची बायको उभी होती. भय्यासाहेबांनी आवाज अजिबात खाली केला नाही.

"मोघेबाई, तुमी जरा मागे जा नं. तुमाला तं ऐकायचंच आहे, मागून पण ऐकू येते."

मावशी उठली. नवव्या रांगेत जाऊन बसली. ती बाई पूर्ण मैफलभर मोबाइलवर कसल्याशा साड्या बघत होती, तिच्या चेहऱ्यावरचा उजेड मला मागून दिसत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठून काहीतरी बोलणार तोच मावशीनं माझं मनगट धरलं. ऐकायचंच तर आहे, हे एक वाक्य तिला लागलं होतं. जिनं आयुष्यभर फक्त ऐकलं, त्या बाईला चारचौघांत सांगायचं की ऐकणं म्हणजे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती गेली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दुपारी बातमी आली की भय्यासाहेबांचा घसा अचानक बसला, ते गायलेच नाहीत. मावशी तेव्हा वांग्याला मसाला भरत होती. तिनं हात धुतले, खुर्चीवर बसली आणि बराच वेळ छान हसत राहिली. तो चेहरा पाहून मला समजलं की डबीर वकिलांचं आता काही खरं नाही.

त्यानंतर मला वाटायला लागलं की मावशीचं वय झालं. मी सकाळी दूध द्यायला जायची तर ती फोनवर तबल्याचं ॲप लावून बसलेली असायची, आणि हात चुकीचा. तीनताल म्हणजे सोळा मात्रा, पहिलीवर सम, नववीवर खाली. हिची टाळी नववीवर आणि तळवा उलटा होतोय पहिलीवर. मी काळजीनं विचारलं, तर म्हणाली, "विनता, हाताला खोटं बोलायला शिकवून राहिली. तीन महिने झाले, ऐकतच नाही मेला."

हात शिकला तेव्हा पावसाळा संपत आला होता. मी तिला अडवलं नाही. उलट कमानिया गेटवरून खोव्याची जलेबी आणली आणि आम्ही दोघींनी त्या दिवशी जेवणाऐवजी तीच खाल्ली.

पुढचा समारोह जवळ आला तसे भय्यासाहेब स्वतः घरी पत्रिका घेऊन आले. गेल्या वर्षी जरा गडबड झाली, यंदा तुमची खुर्ची राखून ठेवली आहे, रविवारी नक्की या, असं दोनदोनदा म्हणाले. माफी मागितली नाही. मावशीनं चहा दिला, चिवडा दिला आणि नक्की येते म्हणाली. जाताना त्यांनी सांगितलं की नारायणरावांचे हात आता कापतात, यंदा त्यांची शिष्या ममता वाजवणार आहे.

ममता गजभिये रेल्वेच्या ऑफिसात आहे. तिचे वडील भंडाऱ्याहून नोकरीसाठी इथे आले. सकाळी पाचला उठून रियाज, मग डबा, मग ऑफिस, असं तिचं पंधरा वर्षं चाललेलं. त्या रविवारी दुपारी बाहेरून आलेल्या पाहुण्या गायिकेच्या साथीलाही तीच बसणार होती. मंडळाच्या इतिहासात पाहुण्यांना स्थानिक तबला पहिल्यांदाच मिळत होता, आणि तोही बाईचा. मंडळातल्या काही जणांना हे रुचलं नव्हतं, ते उघडच दिसत होतं. नारायणरावांनी हट्ट धरला म्हणून झालं. ममता मावशीलाही खूप मानायची. शिकताना ती घरी यायची, ठेका वाजवायची आणि मावशीचा हात बघून आपली लय तपासायची.

हे सगळं मावशीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण ह्यात ममताचं काय होईल हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही, कारण डोक्यात दुसऱ्या कशालाच जागा नव्हती.

रविवारी सकाळी दहाला भय्यासाहेब बसले. मावशी डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर, मी चौथ्या. सुरुवातीला मावशीनं सम अगदी बिनचूक दिली. भय्यासाहेब खुलले, एकदा तर त्यांनी मावशीकडे बघून मानही लववली. मग त्यांनी लांब तान घेतली, डोळे मिटले. मावशीनं शाल खांद्यावर नीट केली. त्यात आठ मात्रा गेल्या. मग हात परत मांडीवर आला आणि उलटा ताल सुरू झाला.

भय्यासाहेबांनी डोळे उघडले, हात पाहिला, आणि मोठ्या रुबाबात समेऐवजी खालीच्या मात्रेवर येऊन आदळले. ममतानं चमकून वर पाहिलं, पण ठेका सोडला नाही. नारायणराव असते तर त्यांनी सावरून घेतलं असतं. ममताला ते शिकवलेलंच नव्हतं, तिचा ठेका सरळ. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा भय्यासाहेबांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं, पुढचा शब्द बाहेर आला नाही, आणि चारशे माणसांसमोर गाणं थांबलं. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. अध्यक्ष तोंडघशी पडले होते. मला त्या बाईला फोन करून बोलवावंसं वाटलं, साड्या बघणाऱ्या.

मग भय्यासाहेबांनी हात जोडले आणि माइकवर म्हणाले, "क्षमा करा. ठेका उलटा झाला."

मागे कुजबूज सुरू झाली. बरोबर आहे, लोक म्हणत होते, आम्ही पण पाहिलं, मोघेबाईंची टाळी पण तिथेच पडली. पहिल्या तीन रांगांनी मावशीच्या हाताबरोबर माना डोलावल्या होत्या, आणि त्या सगळ्या माना आता ममताकडे वळल्या. मी मावशीकडे पाहिलं. तिचा हात मांडीवर तसाच होता.

चहाच्या सुट्टीत मंडळानं उभ्याउभ्या निर्णय घेतला. दुपारी साथीला दुसरा कुणीतरी बोलवायचा, ममताला पुन्हा केव्हातरी संधी देऊ. एक जण म्हणाला, आम्ही तं आधीच म्हणत होतो. आधी काय म्हणत होते ते सगळ्यांना माहीत होतं. ममतानं वाद घातला नाही. ती सरळ मावशीकडे आली, तिच्यासमोर उभी राहिली.

"मावशी, तुमी सांगा. माझी गिनती बरोबर होती असं वाटून राहिलं मला. पण तुमचा हात तं तिकडे पडला. मी कुठे चुकली?"

तिच्या बोटांना अजून पावडर लागलेली होती.  मावशी उठली, पायऱ्या चढून व्यासपीठावर गेली आणि माइक हातात घेतला. लोक चहाचे कप घेऊन परत येत होते. भय्यासाहेब पायरीशी पाहुण्या गायिकेशी बोलत उभे होते. टेलिफोनवर तीस वर्षं नंबर सांगावेत तशा आवाजात मावशी बोलली.

"ममताचा ठेका बरोबर होता. सम मी उलटी दिली, जाणूनबुजून. भय्यासाहेब कितीतरी वर्षांपासून माझ्या हाताकडे पाहून गातात. कोणाला खोटं वाटत असेल तं त्यांना आता डोळे मिटून गायला सांगा."

कुणी सांगितलं नाही. सगळे भय्यासाहेबांकडे बघत राहिले. त्यांनी एकदा घसा साफ केला, उपरणं सारखं केलं, पण शब्द काही निघाला नाही. मी खरं सांगते, त्यांच्या गाण्याची फजिती पाहून जे सुख मला झालं नव्हतं ते ह्या गप्प बसण्यानं झालं. इतक्या वर्षांची वाहवा एका मिनिटात उतरली. मागून कुणीतरी फस्सकन हसलं. भय्यासाहेब बाजूच्या दारानं गेले, आणि त्यानंतर समारोहात कधी गायले नाहीत. पुढच्या वर्षी अध्यक्षही दुसरे झाले.

पाहुणी गायिका तेवढं ऐकून शांतपणे म्हणाली की मला ह्याच ताईंची साथ हवी. विषय संपला.

मावशी खाली आली. पहिल्या रांगेतल्या लोकांनी पाय आखडून तिला वाट दिली, पण कुणी तिच्या नजरेला नजर दिली नाही. त्यांच्याही माना तिनं चुकीच्या ठिकाणी डोलवल्या होत्या, तेही चारशे लोकांत, आणि ते हे विसरणार नव्हते. मावशीनं त्याची पर्वा केली नाही. ती ममताची वाट बघत उभी राहिली. ममता तबले उचलून व्यासपीठाकडे चालली होती. ती थांबली.

"तुमी खरं सांगितलं, अच्छा केलं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पण मला विचारलं असतं तं मी स्वतः त्यांना पाडलं असतं. तुमी मला न विचारता मला वापरलं. आता मी जिथे वाजवीन तिथे तुमी नका येऊ."

मावशीनं मान हलवली. शाल घेतली, पिशवी घेतली आणि बाहेर निघाली. मी स्कूटी काढेपर्यंत ती फाटकाशी उभी होती. ममताला इतकं बोलायचं काय कारण होतं, मावशीनं स्वतःचं नाव घालवून तिला वाचवलं होतं, असं मी तणतणत म्हणाले. मावशीनं मला तिथेच गप्प केलं.

"काहून बोलतेस तिला? मी तिच्या जागी असती तं हेच केलं असतं."

भय्यासाहेबांबद्दल तिला कधी पस्तावा झाला नाही, अजूनही त्यांचा विषय निघाला की तिचा चेहरा उजळतो. पण ममताला दिलेला शब्द तिनं पाळला आहे. पत्रिका आली की आधी चष्मा लावून ती तबल्याचं नाव बघते. सुरुवातीला महिन्यातून एखादा कार्यक्रम सुटायचा. मग दोन सुटायला लागले. भेडाघाटचा महोत्सव सुटला, कव्वाली सुटली, गेल्या महिन्यात कॅफेतल्या पोरांनीही साथीला ममतालाच बोलावलं.

ममता फार चांगली वाजवते. आता जबलपुरात सगळीकडे तीच असते.