दोन्ही झाडं एका आवृत्तीची

कॅनडात, अल्बर्टातल्या त्या गावी बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, कर्लिंगचा, क्लब होता; तिथे एक जुना कॉम्प्युटर, म्हणजे सगळ्यांचं 'मशीन', होतं आणि त्याला हात लावायचा तो फक्त व्हेर्नाबाईंनी. व्हेर्ना ओलेक्सियुक म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. गेली एकोणीस वर्षं मशीनची सगळी यंत्रणा त्या मूळ कोडपासून बांधत आल्या होत्या. डिस्कवर फायलींची दोन झाडं, म्हणजे फांद्याफांद्यांनी रचलेले संच. एकात यंत्रणेचा कोड, दुसऱ्यात बाहेरच्या लोकांनी लिहिलेले प्रोग्राम. दोन्ही एकाच आवृत्तीची हवीत, एवढाच नियम. ताजी केली की बाई दोघांची आवृत्ती वहीत शेजारीशेजारी लिहीत.

शुक्रवारी सकाळी अठ्ठेचाळीस संघ येणार होते आणि गुरुवारी दुपारी सामन्यांचं वेळापत्रक मांडणारा प्रोग्रामच उघडेना.

बर्फाची देखभाल करणारा डेल दारात टेकून उभा होता. "काल तर चालत होतं."

"स्पर्धेआधी सगळं ताजं करायचं, ही माझी पद्धत आहे."

"मी नाही बाई स्पर्धेच्या तोंडावर बर्फ उखडत."

त्याचं खरं होतं.

"काय म्हणतोय तो प्रोग्राम?" त्यानं विचारलं.

"यंत्रणेतला एक भाग नवा हवाय म्हणतो. आपल्याकडे जुना आहे."

"मग द्या की नवा."

"तो अजून तयारच झालेला नाही, डेल," म्हणता म्हणता बाई थबकल्या. वही ओढली. पहिल्या रकान्यात आवृत्ती होती. दुसरा कोरा.

"ओल्गाचा फोन," त्या पुटपुटल्या. क्लबच्या स्वयंपाकघरात ओल्गा पेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, करायची. "पेरोगी किती डझन करायच्या, म्हणून. काल प्रोग्रामांचं जुनं झाड काढून नवं आणत होते. बोलता बोलता कुठल्या आवृत्तीची शाखा हवी, ते नाव लिहायचंच राहिलं. पुढच्या आवृत्तीचं झाड आणलंय मी."

"आता?"

"परत आणायचं. परत बांधायचं. तीन तास."

"तीन तासांत मी अख्खं मैदान दोनदा घासतो."

"मग जा की, घास."

तो गेला नाही. कॉफी घेऊन आला आणि दोघंही पडद्यावरून पळणाऱ्या ओळी बघत बसले. पाच वाजून गेल्यावर ओळी थांबल्या. बाईंनी प्रोग्रामचं नाव टाइप केलं. उघडला. प्रिंटर घरघरला, अठ्ठेचाळीस नावं कागदावर आली आणि बाईंचे कानापर्यंत चढलेले खांदे खाली आले.

"पुढच्या वेळी?" डेलनं विचारलं.

"स्पर्धा संपल्यावर. सोमवारी."

दुसरा रकाना त्यांनी भरला, पेनाचं टोपण लावलं आणि मगच फोन उचलला. "ओल्गा, चाळीस डझन कर. नाही गं, आता निवांत बोल."