नांदेडातले साडेचार तास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. त्या दिवशी माझ्याबरोबर असलेल्या पाच मैत्रिणींनाही नाही — त्या तर सगळं डोळ्यांनी बघत होत्या, फक्त आपण काय बघतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्हाला सांगते, कारण आता ठरवलंय. आणि एकदा ठरवलं की मी करते. माझ्याबद्दल एवढं तरी खरं आहे.

आधी माझी चांगली बाजू सांगू? वाईट बाजू तिच्यातूनच निघते म्हणून सांगते. मी कामाची बाई आहे. पुण्यात आमच्या सोसायटीत कुणाचं ऑपरेशन असो की कुणाच्या मुलीचं केळवण, यादी माझ्याकडे येते. तीन वर्षांपूर्वी आम्ही सहाजणी हिमाचलला गेलो, ती सहलही मीच आखली. परतीला दिल्लीहून सरळ पुण्याची तिकिटं मिळाली नाहीत. मिळाली ती नांदेडवरून. तिथं साडेचार तास थांबा, मग पुण्याचं विमान. सगळ्या कुरकुरल्या. मी म्हटलं, कुरकुरू नका, या साडेचार तासांचं सोनं करून दाखवते.

आणि केलं. सामान थेट पुण्यापर्यंत लावून दिलं, हातात फक्त पर्स. विमानतळाबाहेर गाडी आधीच सांगून ठेवलेली. गुरुद्वारा, लंगरचं जेवण, मग किल्ला, मग गोदावरीचा घाट, आणि वेळेच्या बरंच आधी परत. डोक्यावर घ्यायला सहा ओढण्यासुद्धा मी दिल्लीतच वेगळ्या काढल्या होत्या. आजही त्या मैत्रिणी म्हणतात, सहलीत सगळ्यात मजा आली ती नांदेडात.

नांदेडात माझी सख्खी धाकटी बहीण राहते.

हं. लिहिलं एकदाचं.

सुमन तिचं नाव. आमचं माहेर चाकूरकडचं. आईवडील गेले, भाऊ आम्हाला नाही. म्हणजे तिचं माहेर म्हणजे मी. एवढंच काय ते उरलेलं. सहलीच्या काही महिने आधी तिचा नवरा गेला. अंत्यविधीला मी पोचले, पण तेराव्याला थांबले नाही. मुलाची परीक्षा होती. म्हटलं, दुखवटा नंतर घेऊन येते.

तुमच्याकडे असतो का हा प्रकार? आमच्याकडे माहेरचं माणूस लुगडं घेऊन येतं, नवरा गेलेल्या लेकीला नेसवतं, गोडाचा घास भरवतं आणि हाताला धरून दुःखातून उठवतं. तोवर ती कुठल्या कार्यात बसत नाही. मी हे मानत नाही, असं मी चारचौघींत सांगत असते. पण प्रश्न माझ्या मानण्याचा नव्हताच. सुमनच्या मुलीचं, मुक्ताचं लग्न ठरलं होतं. वर्षाच्या आत कार्य उरकायचं म्हणून साखरपुडा लगेच, आमच्या परतीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी. मुक्तानं हट्ट धरला की, आई माझ्या शेजारी बसणार. विधवा असली म्हणून स्वयंपाकघरात लपणार नाही. सुमनच्या सासूबाई जुन्या वळणाच्या, पण पोरीपुढं नरमल्या. एकच म्हणाल्या, "माहेरचा दुखवटा येऊ द्या. मग खुशाल बसू दे तिला."

म्हणजे सगळं माझ्यावर येऊन थांबलं होतं. एक लुगडं, एक घास, माझा हात.

सुमननं मला हे सगळं फोनवर सांगितलं होतं. मी काय म्हणाले? म्हणाले, "अगं, मी सहलीला चाललेय, शनिवारी रात्री घरी पोचतेय. रविवारनंतर बघू." आणि मधला थांबा नांदेडचा आहे, हे — हे मी तिला सांगितलंच नाही. विसरले असं म्हणू का? मी विसरत नाही. तिकिटं हातात आली त्याच दिवशी मी ठरवलं होतं की सांगायचं नाही.

का? तीन वर्षं मी स्वतःला एक उत्तर देत आले. दुखवटा उभ्या उभ्या नेत नाहीत. बसावं लागतं, जेवावं लागतं, रडणाऱ्याचं ऐकावं लागतं. पाच बाया सोबत घेऊन, घड्याळाकडे बघत कुणी दुखवटा करतं का? उत्तर चांगलं आहे. रीतीला धरून आहे. जी रीत मी मानत नाही, तीच मी पुढे केली — हे लक्षात आलं तुमच्या? मला यायला वेळ लागला.

खरं असं की मी आनंदात होते. दहा दिवस मी हसत होते. त्या घरात गेले असते तर सुमन गळ्यात पडून रडली असती आणि माझी सहल तिथं संपली असती. मला ती पुण्यापर्यंत पुरवायची होती. बस. यापेक्षा मोठं कारण नाही.

लंगरमध्ये आम्ही पंगतीत बसलो असताना फोन वाजला. सुमन. न उचलून चाललं असतं, पण मी उचलला.

"आक्का, कुठं हाईस गं? भजनाचा आवाज येऊन राहिलाय."

"दिल्लीत," मी मान वळवून हळूच म्हणाले. "गुरुद्वाऱ्यात आलोय."

"हाव का? अगं, आमच्या नांदेडात लई मोठा गुरुद्वारा हाय! तू आलीस की दाखवते. लंगरची दाल अशी असते म्हणून सांगू, तू तुझं पुणं विसरशील."

त्या डाळीत माझी बोटं बुडालेली होती.

शेजारी बसलेल्या मालतीनं विचारलं, "बहिणीचा होता ना? ती इथंच असते म्हणालीस एकदा. चल की, जाऊन येऊ. चहा घेऊन निघू."

"ती भोकरला गेलीय," मी म्हणाले. "सासरच्यांकडे." एका पंगतीत दोन खोटी उत्तरं. दोन्ही चटकन सुचली. तयारी मला नेहमीच जमते.

किल्ल्याकडे जाताना गाडी सुमनच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. मी बाहेर बघितलं नाही. गाडीतली माणसं मोजत बसले, सगळ्या आहेत ना म्हणून. पुन्हा मोजली.

आणि ऐका. पुण्याचं विमान उशिरा सुटणार असल्याचं विमानतळावर परतल्यावर कळलं. बराच उशीर. मैत्रिणी खुर्च्यांवर पेंगत होत्या. रिक्षा बाहेर उभ्या होत्या. वाटेत एखादं साडीचं दुकान उघडं होतंच की. आता तर सोबतीचंही निमित्त नव्हतं, वेळेचंही नव्हतं. मी काय केलं? सहलीचे फोटो निवडत बसले.

रविवारी साखरपुडा मी पुण्यातून फोनवर बघितला. मुक्ताच्या शेजारी तिची काकू बसली होती, सुमनची जाऊ. नवऱ्यामुलाकडच्या बायकांना हळदीकुंकू तिनंच लावलं. मुक्ता सारखी मागं वळून बघत होती. फोन कुणीतरी आत नेला तेव्हा सुमन दिसली — कढईपुढं उभी, घामानं निथळलेली. मला बघून हसली. मागून सासूबाईंचा आवाज, "हिच्या माहेराला सवड न्हाई झाली." आणि सुमन फटकन म्हणाली, "असं नका बोलू आत्या. ती दिल्लीत अडकली होती. न्हाईतर माझी आक्का ऱ्हायली असती व्हय?"

पुढच्या महिन्यात मी दुखवटा नेला. लातूरला थांबून साडी घेतली, भारीतली. सुमन ती नेसून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं. साखरपुड्याचा दिवस मात्र तोवर होऊन गेला होता.

आता मुक्ताचं डोहाळजेवण आहे. पहिली ओटी आक्का भरेल, असं सुमननं सगळ्यांना सांगून ठेवलंय. मी आदल्या दिवशी जाणार आहे, एकटी. सुमनला सासूबाईंसमोर सांगणार आहे, कारण सुमननं माझ्यासाठी भांडण घेतलं ते त्यांच्याशी. दिल्लीत नव्हते, हे आधी. मग गल्लीचं तोंड. मग विमानतळावरचा वेळ. तोही गाळणार नाही. आणि मुक्ताला वेगळं सांगेन, कारण तिच्या शेजारची आईची जागा काकूला द्यावी लागली होती.

त्यानंतर ओटी कुणी भरायची, ते त्या मायलेकी ठरवतील. मला ओटीला बोलावलं नाही, तर स्वयंपाकघरात कढईपुढं उभं राहायला माणूस लागेलच.